मंतरलेलं रान लिहायचंय? आधी चपला काढा

ओळखीतली मुलंमुली आपली पहिली कादंबरी मला वाचायला देतात. त्यांत जादूच्या जंगलाच्या गोष्टी बऱ्याच असतात. पहिल्याच पानावर बर्फ पडत असतो. ओकची झाडं असतात, लांडगे असतात, धुक्यात एक बुरूज असतो. लिहिणारी मुलगी चिपळूणची, मुलगा जुन्नरचा. बर्फ दोघांनीही कधी पायाखाली तुडवलेला नाही. यात त्यांचा दोष नाही. लहानपणी वाचायला जे मिळालं त्याचंच रान डोक्यात उगवणार. पण ती पानं वाचताना सारखं वाटत राहतं, की लिहिणाऱ्याचे पाय त्या जमिनीला लागलेलेच नाहीत. झाड ‘उंच’ असतं, आवाज ‘भयाण’ असतो आणि त्यापलीकडे काही दिसत नाही.

बारा ते अठरा वयाच्या वाचकांसाठी, परीकथेच्या वळणाची, मंतरलेल्या रानात घडणारी पहिली कादंबरी मराठीत लिहायची आहे, अशांसाठी हा लेख. माझं म्हणणं एकच आहे आणि ते प्रत्येक पायरीवर पुन्हा भेटेल: रान जादूचं होतं ते त्याच्या नियमांमुळे. आणि नियमांनी राखलेली रानं आपल्याकडे खरोखर आहेत.

उदाहरणासाठी एक गोष्ट सोबत घेऊ. नायिका सगुणा, वय चौदा. घाटाखालच्या गावात राहते. तिच्या धाकट्या भावानं दोर करायला म्हणून देवाच्या राईतली वेल तोडली आणि त्या दिवसापासून त्याची वाचा गेली. एवढंच. बाकीचं जसं लागेल तसं रचू.

पहिली पायरी: एक खरं रान निवडा आणि तिथे जा

देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. दक्षिण कोकणात तिला देवरहाटीही म्हणतात. वाघजाई, काळकाई, भैरवनाथ, म्हसोबा, असा कुणीतरी तिचा मालक असतो आणि मालक देव असल्यामुळे आत कुऱ्हाड चालत नाही. कित्येक गावांत पडलेली सुकी काटकीसुद्धा चुलीसाठी उचलत नाहीत. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात गावोगाव फिरून या रायांचा अभ्यास केला. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी जुनी झाडं आणि वेली इथे कशा टिकून राहिल्या, ते त्यांच्या कामामुळे जगापुढे आलं. पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या शेजारी आहुप्याला भैरवनाथाची राई आहे. तुमच्या आजोळाजवळही एखादी असण्याची शक्यता बरीच आहे. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा.

एकदा मेच्या शेवटी जा आणि एकदा पावसात. गावात आधी परवानगी घ्या, गावातलं कुणीतरी बरोबर असू द्या, आत शिरताना चपला काढा. येताना बी, पीस, दगड, काहीही उचलून आणू नका. हे शिस्तीसाठी तर आहेच, पण लिहिण्यासाठीही आहे. सुंदर बी समोर पडलेलं असताना हात मागे घ्यावा लागतो, तेव्हा आत जे होतं तेच उद्या सगुणाला होणार आहे.

वही काढा, पण विशेषणं लिहू नका. काय दिसलं, काय ऐकलं, तळपायाला काय लागलं एवढंच टिपा. माझ्या एका जुन्या खर्ड्यात मी ‘रानात नीरव शांतता होती’ असं लिहून ठेवलं होतं. मग एकदा मे महिन्यातल्या दुपारी राईत बसले. किड्यांची किरकिर इतकी, की बरोबरच्या मावशींचं बोलणं ऐकू येईना. अर्ध्या तासानं ती किरकिर एका क्षणात थांबली. सगळी एकदम. मावशी बोलायच्या थांबल्या आणि माझ्या हातावर काटा आला. रानातली भीती आवाज थांबण्यात असते, हे मला घरी बसून कधीच सुचलं नसतं.

दुसरी पायरी: रानाचा कायदा लिहून काढा

नवे लेखक सगळ्यात कमी वेळ इथे देतात आणि कादंबऱ्या सगळ्यात जास्त इथेच मोडतात. ज्या जादूनं काहीही होऊ शकतं तिच्यात वाचकाला कशाचीच काळजी वाटत नाही. सगुणा संकटात सापडली तरी लेखक कांडी फिरवणार हे चौदा वर्षांच्या वाचकाला बरोबर कळतं.

म्हणून एका कोऱ्या पानावर रानाचे नियम लिहा. तीन ते पाच पुरेत. प्रत्येक नियमापुढे तीन गोष्टी हव्यात: तो मोडला तर काय होतं, तो कुणाला लागू नाही, आणि तो केला कुणी. तिसऱ्या उत्तरात बहुतेक वेळा कादंबरीचं गुपित दडलेलं असतं.

नियम शोधायला फार लांब जायला नको. कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलं, पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवायचे, प्रश्न विचारायचा आणि उजवीकडचं आधी पडतं की डावीकडचं ते बघायचं. आता यातून कादंबरीसाठी काय मिळतं बघा. रानाशी बोलता येतं, पण ते फक्त हो किंवा नाही एवढंच सांगतं. म्हणजे सगळी मदार प्रश्न नीट विचारण्यावर आली. सगुणा पहिल्यांदा घाईनं विचारते, “माझा भाऊ बरा होईल का?” उजवं फूल पडतं. ती आनंदात घरी येते. कधी आणि कशाच्या बदल्यात, हे विचारायचं राहूनच गेलं, हे तिच्या लक्षात चौथ्या प्रकरणात येतं. एका साध्या नियमातून तीन प्रकरणं निघाली.

दुसरा नियम चकव्याचा. रात्री रानातून जाणारा माणूस चकव्याच्या तावडीत सापडतो, तासन्‌तास चालतो आणि त्याच झाडापाशी परत येतो. गावाकडच्या प्रत्येक घरात असा एखादा अनुभव सांगणारा काका असतोच. गंमत अशी की चकव्याची परीक्षा एकदा शास्त्रज्ञांनीही घेतली आहे. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना बिएनवाल्ड नावाच्या सपाट जंगलात सोडून सरळ चालायला सांगितलं होतं. सूर्य दिसत होता तोवर ती सरळ चालली. आभाळ भरून आलं तेव्हा गोल फिरली आणि आपण गोल फिरतोय हे त्यांना कळलंही नाही. तुमच्या रानासाठी हा आयता नियम आहे: चकवा फक्त झाकल्या आभाळाखाली चालतो. ढगातून एक चांदणी दिसली तरी त्याची पकड सुटते. मग श्रावणातल्या रात्री सगुणाला रानात पाठवा आणि तिला एका फटीची वाट बघायला लावा.

तिसऱ्या नियमाची किंमत मोजली गेलीच पाहिजे. वेल तोडली तर वाचा जाते, असं ठरलं असेल तर शेवटी ‘देवीला दया आली’ म्हणून ती परत देऊ नका. दिलीत तर कुणीतरी काहीतरी गमावूनच द्या.

तिसरी पायरी: जादू राईतूनच घ्या

उडणारे घोडे, बोलणारे आरसे आणण्याआधी सह्याद्रीत काय काय आहे ते बघा. मी पहिल्यांदा यादी केली तेव्हा मला उशिरा शहाणपण आल्याचं वाईट वाटलं.

भीमाशंकरच्या रानात भर पावसाळ्यात कुजक्या लाकडावर एक बुरशी वाढते आणि अंधारात ती हिरवट उजळते. पाऊस हवा, ओल हवी, काळोख हवा. बॅटरी लावली की काहीच दिसत नाही. उजेड घेऊन जाणाऱ्याला न दिसणारी वाट, ही कल्पना पुन्हा एकदा मनात वाचा. सगुणाच्या हातातला कंदील विझेपर्यंत तिला वाट सापडणार नाही.

मेच्या अखेरीपासून जोराचा पाऊस लागेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी भागात काजव्यांनी झाडं भरतात. एका झाडावरचे हजारो काजवे एका लयीत मिचमिचतात. तो नरमाद्यांचा संवाद असतो आणि मोबाइलच्या उजेडानं तो तुटतो. तुम्ही बघायला गेलात तर फोन खिशातच ठेवा.

बुरुजात कोंडलेली राजकन्या हवीच असेल तर धनेश पक्षी बघा. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, एक फट ठेवते आणि कित्येक आठवडे आत राहून अंडी उबवते. नर त्या फटीतून तिला उंबर-पिंपळाची फळं भरवतो. ती कुणी कोंडलेली नाही, स्वतः बसलेली आहे. सगुणाला ढोलीत एक बाई भेटते, सगुणा तिला सोडवायला जाते आणि बाई म्हणते, “पोरी, हे दार मीच लिंपलंय.” बुरुजाच्या जुन्या गोष्टीला इथे आपोआप वेगळं वळण मिळतं.

आणि कारवी. ही माझी सगळ्यात लाडकी. सात वर्षं नुसती हिरवी वाढते, मग आठव्या पावसाळ्यात डोंगरच्या डोंगर जांभळ्या फुलांनी झाकून टाकते, बी धरते आणि मरते. घाटावरच्या घरांच्या कुडाच्या भिंती तिच्याच काठ्यांच्या. हे कादंबरीचं तयार कालमापन आहे. सगुणा सहा वर्षांची होती तेव्हा कारवी फुलली आणि त्याच महिन्यात तिची आजी राईत गेली ती परतली नाही. आता सगुणा चौदाची आहे, कारवी पुन्हा फुलली आहे. ही वेळ हुकली तर पुढची ती बावीस वर्षांची झाल्यावर. सहा, चौदा, बावीस. मुदत फुलानं घालून दिली की खलनायकाला घड्याळ बघत बसावं लागत नाही.

एक सावधगिरी. खऱ्या गोष्टी खऱ्याच ठेवा. काजवे डिसेंबरात दाखवलेत तर भंडारदऱ्याजवळच्या शाळेतला वाचक पुस्तक मिटेल आणि त्याचं बरोबर असेल. जादू जोडायची ती या गोष्टींच्या पुढे जोडा, त्यांच्या जागी नको.

चौथी पायरी: गोष्टीला घाट द्या, तोही आपल्या कहाणीचा

परीकथेच्या रचनेचा अभ्यास करायचा तर व्लादिमीर प्रॉप हे नाव समोर येतंच. या रशियन अभ्यासकानं १९२८ मध्ये शंभर रशियन परीकथा तपासून त्यांच्यातल्या घटनांच्या ३१ पायऱ्या मांडल्या: मनाई, मनाईचा भंग, घर सोडणं, दात्याची परीक्षा, जादूची वस्तू, असं पुढे. एकदा वाचून घ्या, उपयोग होतो. पण पुढ्यात ठेवून लिहू नका, नाहीतर कादंबरी फॉर्म भरल्यासारखी होते.

मला त्याहून जवळचा वाटतो तो श्रावणातल्या कहाण्यांचा घाट. आदित्यराणूबाईची कहाणी आठवा. आटपाट नगरातला दरिद्री ब्राह्मण समिधा, फुलं, दूर्वा आणायला रानात जातो. तिथे नागकन्या, देवकन्या वसा वसत असतात. तो विचारतो, मलाही सांगा. त्या सहजासहजी सांगत नाहीत. “तुला रे वसा कशाला हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील.” तो म्हणतो, “उतत नाही, मातत नाही, घेतला वसा टाकत नाही.” मग भाग्य येतं. पुढे त्याची एक मुलगी कहाणी ऐकायला वेळ नाही म्हणते आणि तिचं सगळं जातं. मदत मिळते तीही टिकत नाही. बहिणीनं कोहळा पोखरून मोहरांनी भरून दिला, तर सूर्यनारायण माळ्याच्या रूपात येऊन तो काढून घेतो.

यात किशोर कादंबरीला लागणारं सगळं आहे. रानात भेटणारा दाता आहे, अट आहे, अट मोडण्याचं कारण बाहेरच्या राक्षसात नसून स्वतःच्या तोऱ्यात आहे. चौदा-पंधराव्या वर्षी माणूस नेमका याच गोष्टीशी झगडत असतो. आणि एक गोष्ट मला दुसरीकडे कुठे इतकी ठळक दिसली नाही: या कहाण्यांत जादू घडते ती ऐकण्यानं. कहाणी सांगायला उपाशी माणूस शोधायचा, गावभर हिंडायचं, मोळीविक्या भेटला तर त्याला थांबवायचं, सहा मोत्यांतली तीन त्याला द्यायची, तीन आपण ठेवायची आणि मनोभावे सांगायचं. जो मनोभावे ऐकतो त्याचं हरवलेलं परत येतं.

सगुणाच्या गोष्टीत हे असं बसवता येईल. भावाची वाचा परत आणायची तर आजीची अर्धवट राहिलेली कहाणी रानातल्या सहा जणांना ऐकवायची. ऐकणारा उपाशी हवा. मोत्यांच्या जागी गारंबीच्या बिया घ्या. गारंबी ही राईतली अजस्र वेल, हाताएवढ्या लांब शेंगा, आत चपट्या, तपकिरी, गुळगुळीत बिया. भावानं तोडलेली वेल हीच. म्हणजे अपराधाच्या खुणाच तिला वाटत जायच्या आहेत, दर वेळी तीन द्यायच्या, तीन ठेवायच्या. पहिले श्रोते सोपे असू द्या, शेकरू किंवा एखादी हडकुळी हडळ. सहावा कठीण हवा. आजीच ऐकायला नकार देते, असं झालं तर?

इथे थांबून प्रकरणांची यादी करा. वीस ते चोवीस प्रकरणं, प्रत्येकाला दोन ओळी. प्रत्येक प्रकरणाखाली लिहा: या प्रकरणात सगुणानं काय ठरवलं? उत्तर ‘काही नाही, तिच्यावर प्रसंग आला’ असं लागोपाठ दोनदा आलं तर त्यातलं एक प्रकरण काढून टाका.

पाचवी पायरी: रानातली माणसं

भीमाशंकरच्या परिसरात महादेव कोळी समाज राहतो, रायगड-ठाण्याच्या डोंगरांत ठाकर आणि कातकरी. कात काढणारे म्हणून कातकरी हे नाव. या समाजांतलं पात्र आणाल तेव्हा त्याला मंत्र पुटपुटणारा गूढ म्हातारा करू नका. शहरातून आलेल्या नायकाला वाट दाखवून तो तिसऱ्या प्रकरणात नाहीसा होतो, असं मी इतक्यांदा वाचलं आहे की आता राग येतो. ज्याचं रान आहे त्याला नाव द्या, घर द्या, शाळेतलं भांडण द्या. बघा, कदाचित नायिका तीच असेल.

आईबापांचं काय करायचं हा प्रश्न प्रत्येक नव्या लेखकाला पडतो. त्यांना मारून टाकायची गरज नाही. ऊसतोडीला गेलेले आईवडील सहा महिने घरी नसतात, मुंबईत कामाला असलेला बाप गणपतीला येतो. एकटं पडायला आपल्याकडे पुरेशी कारणं आहेत.

सहावी पायरी: कुणी कुणाशी कसं बोलायचं

देवाला आपण ‘तू’ म्हणतो. हे विसरून राईतल्या देवीशी सगुणाला ‘आपण कृपा कराल का’ असं बोलायला लावलंत तर देवी दरबारात जाऊन बसते. आजीलाही ‘तू’. गुरवबाबांना ‘तुम्ही’. आणि पूर्वी ‘पोरी’ म्हणणारा राखणदार एखाद्या प्रकरणात अचानक ‘बाई, तुम्ही’ म्हणाला, तर वाचक सावरून बसतो. एवढ्याशा बदलानं जे साधतं ते पानभर वर्णनानं साधत नाही.

बोलीभाषा वापरा, पण जी कानानं ऐकली आहे तीच. मालवणी गाऱ्हाण्यात एक जण देवाला हाक घालतो आणि सगळे मिळून “व्हय म्हाराजा!” म्हणतात. हा ठेका रानाला देता येईल: सगुणा एक वाक्य म्हणते आणि झाडीतून न दिसणारे आवाज होकार देतात. मात्र तुमचं रान मावळातलं असेल तर तिथलं गाऱ्हाणं कसं असतं ते जाऊन ऐका. अर्धी मालवणी, अर्धी पुणेरी असं रान कुठेच नसतं.

‘भयाण’, ‘अद्भुत’, ‘रहस्यमय’ हे तीन शब्द पहिल्या खर्ड्यात शोधून खोडा. त्या जागी वहीतली नोंद ठेवा.

सातवी पायरी: रोजचं काम

पहिल्या किशोर कादंबरीला ४५,००० शब्द पुरेत. छापील पानावर साधारण तीनशे शब्द धरले तर दीडशे पानं. रोज ३०० शब्द लिहिलेत तर दीडशे दिवस. दिवाळीच्या पाडव्याला सुरुवात केली की गुढीपाडव्याला पहिला खर्डा हातात येतो. मी तरी असंच करते. शाळा-कॉलेज, नोकरी सांभाळून हे जमतं.

टायपिंग पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच करा, इनस्क्रिप्टनं किंवा फोनच्या कीबोर्डनं. जुन्या फॉन्टमध्ये केलेलं काम दुसऱ्या संगणकावर उघडलं की अक्षरांचा चिवडा होतो. फाइलची एक प्रत रोज स्वतःलाच मेल करा. रानाचा नकाशा कागदावर काढा आणि भिंतीवर लावा: ओढा, देऊळ, वेल, ढोली, आणि सगुणाला एका जागेहून दुसरीकडे जायला लागणारा वेळ.

आठवी पायरी: मोठ्यानं वाचा

पहिला खर्डा झाला की पंधरा दिवस बाजूला ठेवा. मग बारा ते पंधरा वयाची चार-पाच मुलं जमवा, स्वतःच्या घरातली सोडून. त्यांना पहिली तीन प्रकरणं वाचून दाखवा. ‘आवडलं का?’ असं विचारू नका, मुलं सभ्य असतात, हो म्हणतील. वाचताना हातात पेन्सिल ठेवा. कुणी खिडकीबाहेर बघितलं, कुणी चटईचा दोरा ओढायला लागलं, की समासात रेघ मारा. कुणी हलायचं थांबलं तिथे टिंब द्या. नंतर एवढंच विचारा: “पुढे काय होईल असं वाटतं?” पाचही जणांनी तुमचा शेवट बरोबर ओळखला तर नियमांच्या पानाकडे परत जा. कुणालाच काही सांगता आलं नाही, तरीही तिथेच जा.

शेवटचं वाचन राईच्या गावात करा. ज्या मावशींनी आत नेलं होतं त्यांच्या ओसरीवर बसून, कौलाचं प्रकरण आणि वेल तोडल्याचं प्रकरण. काही चुकलं असेल तर त्या सांगतील. मला एकदा सांगितलं होतं, “ते फूल आसं पडत न्हाई, बाय.” मी ते पान तिथेच, त्यांच्या समोर, बदललं.